उसासा टाकणारी जीप

एकदा एका व्यापाऱ्याच्या जुन्या जीपला तेलगळती लागली आणि त्या गळतीनं त्याची झोप उडवली. जुनी गाडी म्हटली की थोडं तेल गळायचंच, त्यात एवढं काय, असं कुणालाही वाटेल. त्या व्यापाऱ्यालाही सुरुवातीला तसंच वाटलं होतं.

घाटमाथ्यावरचं गाव होतं. पावसाळ्यात तिथं भरदुपारी धुकं उतरतं आणि समोरच्या माणसाचा चेहरा दिसण्याआधी त्याची पावलं ऐकू येतात. व्यापाऱ्याचं नाव मल्लूशेट. हिरडा, शिकेकाई आणि मध यांचा त्याचा पिढीजात व्यापार. जंगलातल्या वाड्यांमधून माल आणायचं काम त्याचा धाकटा भाऊ बसवंत करायचा, त्याच जीपमधून. ज्येष्ठाच्या अखेरीस बसवंतला ताप भरला. मल्लूशेटनं त्याला जीपमध्ये घातलं आणि खालच्या शहरातल्या दवाखान्याकडे निघाला. पण दवाखान्याच्या दारात पोचेपर्यंत बसवंत राहिला नव्हता.

बसवंतच्या मागं त्याची बायको पार्वती होती, लहान मुलगी होती आणि दोन्ही भावांची म्हातारी आई होती. आईला सगळे अव्वा म्हणायचे. बसवंतचं नाव घरात काढू नका, असं मल्लूशेटनं कधी कुणाला सांगितलं नाही. परंतु कुणी ते काढलं की तो भरल्या ताटावरून उठायचा. हळूहळू सगळ्यांना समजलं. त्या घरात बसवंत हा शब्दच उरला नाही.

त्यानंतर जीप मल्लूशेट स्वतः चालवू लागला. आणि त्यानंतरच तेल गळू लागलं.

गावाच्या वेशीबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये वाईंगडे गुरुजींचं गॅरेज होतं. गुरुजींनी आयुष्यभर तंत्रशाळेत मुलांना इंजिन शिकवलं होतं. निवृत्तीनंतर ते गावी परतले आणि हात रिकामे नकोत म्हणून त्यांनी हे गॅरेज काढलं. रेवण हा त्यांचा शिष्य. शिष्य म्हणजे कोवळा पोर नव्हे, लेकुरवाळा माणूस. गुरुजींजवळ तो पुष्कळ वर्षं शिकला होता आणि त्याचा हात फार साफ होता. नेमके त्या दिवसांत गुरुजी डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी मुलीकडे गेलेले. त्यामुळे जीप रेवणकडे आली.

तेल इंजिनाच्या पुढच्या तोंडाशी गळत होतं. रेवणनं तिथलं ऑइल सील, म्हणजे तेल अडवणारी रबरी कडी, बदललं. जागा कोरडी ठणठणीत झाली. थोड्याच दिवसांत जीप परत आली. आता तेल मागच्या बाजूनं गळत होतं. रेवणनं गिअरबॉक्स उतरवला, मागचं सील बदललं. तीही जागा कोरडी झाली. मग इंजिनाच्या तळाशी तेल साठतं त्या चेंबरच्या कडेनं थेंब पडू लागले. त्यानं चेंबर उतरवून नवं पॅकिंग घातलं. त्यानंतर तेल वरच्या झाकणाच्या कडेनं ओघळू लागलं.

रेवणला सर्वांत जास्त कोडं पडलं ते एका गोष्टीचं. त्यानं दुरुस्त केलेली कुठलीच जागा पुन्हा गळत नव्हती. तेल दर वेळी नवी जागा शोधत होतं. जणू त्याला कळत होतं की ही वाट बंद झाली, आता दुसरीकडून जायला हवं.

पुढं त्याहून विचित्र प्रकार सुरू झाले. तेलाची पातळी बघायची जी लोखंडी काडी असते, ती आपोआप वर येऊ लागली.

"तू काडी नीट बसवत नाहीस," मल्लूशेट म्हणाला.

रेवणनं त्याच्यासमोर काडी खटकन दाबून बसवली. शेट खिंडीपर्यंत जाऊन आला. बॉनेट उघडलं तर काडी वीतभर वर आलेली. कुणीतरी आतून ढकलल्यासारखी.

आणि तो उसासा. इंजिन बंद केलं की गाडीच्या पोटातून हळू, लांबलचक आवाज यायचा, हूऽऽ. थकलेला माणूस ओझं खाली ठेवून बसतो तेव्हा असा आवाज करतो. शेटनं मध्यंतरी एक ड्रायव्हर ठेवला होता. तो एकाच फेरीनंतर किल्ली टेबलावर ठेवून गेला. जाताना एवढंच म्हणाला, "चढाला लागलं की मागनं कोण तरी हाक मारतंय. मला नाही जमायचं."

ही गोष्ट गावभर झाली. जीपमध्ये बसायला कुणी तयार होईना. वाड्यांवरच्या बायका डोक्यावर हिरड्याची ओझी घेऊन चालत येत, पण शेट थांबला तरी मान हलवून पुढं जात.

रेवणचा भुताखेतांवर विश्वास नव्हता. शेवटी तो म्हणाला, "शेट, मी बसतो तुमच्यासंगं. बघू काय होतंय ते."

दुपारची वेळ होती, तरी दिवे लावावे लागत होते. धुकं काचेला चिकटून चाललं होतं. चढ सुरू झाला आणि इंजिनावर भार आला तसा रेवणला तो आवाज ऐकू आला. बारीक, लांबून आल्यासारखा. शिट्टी म्हणावी तर शिट्टी नव्हे आणि रडणं म्हणावं तर रडणंही नव्हे. दरीपलीकडून कुणी कुणाला हाक घालावी आणि वाऱ्यानं नाव खाऊन टाकावं, नुसता सूर उरावा, तसा तो होता. चढ तीव्र झाला की तो वाढायचा, सपाटी आली की विरायचा.

त्यानं शेटकडे पाहिलं. शेटची बोटं स्टिअरिंगवर पांढरी पडली होती.

"तुला ऐकू येतंय?" शेटनं समोर बघतच विचारलं.

"काय?"

"काही नाही."

खिंडीत गाडी थांबली. शेटनं इंजिन बंद केलं. दोघंही खाली उतरले नाहीत. त्या शांततेत गाडीनं सावकाश उसासा टाकला.  इतक्यात रेवणला वास आला, जळक्या तेलाचा. तो उडी मारून उतरला आणि त्यानं बॉनेट उघडलं. वरून ओघळलेलं तेल सायलेन्सरच्या तापलेल्या नळीवर पडत होतं आणि तिथं एक निळसर ज्योत नाचत होती, देवघरातल्या निरांजनाएवढी. मागच्या सीटवरचं ओलं पोतं ओढून त्यानं ती दाबून विझवली.

"शेट, ही गाडी पेटंल एखाद्या दिवशी," तो म्हणाला.  "चालवू नका आता."

"सोमवारपर्यंत नीट कर," शेट म्हणाला. "सोमवारी पार्वतीला माहेरी पोचवायचं आहे. तिला आणि पोरीला."

"किती दिवसांसाठी?"

 शेट स्वतःशीच बोलावं तसं म्हणाला, "तिथं तिचं मन तरी लागेल. इथं नुसती बसून असते. माझ्याकडे बघत राहते. घरात एक गोष्ट धड होत नाही आता. अव्वा जेवत नाही. पोर झोपेत उठून दाराशी जाऊन उभी राहते. सगळं पार्वतीच्या त्या गप्प बसण्यापायी."

रेवणनं ते ऐकलं, पण त्याचं सारं लक्ष त्या विझलेल्या ज्योतीकडे होतं.

शनिवारी गुरुजी परतले. डोळ्यावर हिरवा चष्मा होता. रेवणनं त्यांना सगळं सांगितलं, आधी दुरुस्त्या सांगितल्या आणि मग आवाज खाली आणून काडी, हाक आणि उसासा. गुरुजींनी मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी त्यांनी विचारलं,

"गळती कधी सुरू झाली?"

"ज्येष्ठानंतर."

"त्याआधी?"

"थेंब नाही, गुरुजी. बसवंत असताना गाडी कोरडी होती."

"मग त्या वेळी गाडीत काय बदललं?"

"गाडीत काही नाही. चालवणारा बदलला."

 गुरुजी म्हणाले, "उद्या शेटला गाडी घेऊन बोलाव. आणि स्वतः यायला सांग, गाडी दुसऱ्याच्या हाती पाठवू नको म्हणावं."

रविवारी दुपारी धुकं इतकं दाट होतं की शेडच्या दारातून रस्ता दिसत नव्हता. जीपचे दिवे आधी दिसले आणि मग जीप. गुरुजींच्या सांगण्यावरून रेवणनं इंजिन डिझेलनं स्वच्छ धुतलं, कापडानं पुसलं. मग त्यानं पान्यांची पेटी ओढली.

"पेटी राहू दे," गुरुजी म्हणाले. "बॅटरीच्या अॅसिडसाठी आपण रबरी हातमोजा वापरतो, तो आण."

रेवणला अर्थबोध होईना. तरी त्यानं तो मळकट पिवळा हातमोजा आणून दिला. गुरुजींनी इंजिनात तेल ओततात त्या तोंडाचं झाकण काढलं, हातमोजा मनगटाकडून त्या तोंडावर ओढून बसवला आणि दोरीनं घट्ट आवळला. हातमोजा मेलेल्या पाखरासारखा एका अंगाला लोंबत राहिला.

"शेट, गाडी चालू करा."

"हे काय करता, गुरुजी?"

"चालू करा. मग इकडे येऊन उभे राहा."

इंजिन धडधडू लागलं. शेट खाली उतरून बॉनेटजवळ आला. सुरुवातीला काहीच झालं नाही. मग हातमोज्याचा तळवा किंचित फुगला. अंगठा हलला. एक बोट सरळ झालं, मग दुसरं. झोपेतून जागं होणाऱ्या माणसानं आळस द्यावा तशी सगळी बोटं एकेक करून ताठ झाली आणि इंजिनाच्या पोटातून एक अख्खा हात उठून उभा राहिला. पाची बोटं पसरलेला. इंजिनाच्या थरथरीनं तो थरथरत होता. कुणाला थांब म्हणावं, नाहीतर कुणाला जवळ बोलवावं, तसा.

धुकं शेडमध्ये शिरलं होतं.  

"बसवंत," शेट म्हणाला.

इतक्या महिन्यांनी ते नाव त्याच्या तोंडून बाहेर पडलं होतं. ते ऐकून तो स्वतःच दचकला आणि एक पाऊल मागं सरला. गुरुजींनी त्याचा दंड धरला.

"भिऊ नका. हा वारा आहे. इंजिनाच्या आत कोंडलेला वारा." मग ते शिष्याकडे वळले. "रेवण, वरच्या झाकणापासून एक रबरी नळी मागं खाली जाते. तिचं खालचं टोक कधी पाहिलंस?"

रेवणनं आठवून पाहिलं. ते टोक गाडीच्या तळाशी, चिखलाच्या थराखाली असायचं. तिथून कधीच तेल गळलं नव्हतं, म्हणून त्यानं तिकडे कधी पाहिलंच नव्हतं.

"आता जा आणि बघ. इंजिन चालू राहू दे. हॅन्डब्रेक ओढ, चाकांना दगड लाव."

रेवण गाडीखाली सरपटत गेला. त्यानं चिखल खरवडला, नळीचं तोंड चाचपलं आणि त्याचा हात थबकला.

"गुरुजी, इथं बूच आहे! आत ठोकून बसवलंय कुणी तरी."

"काढ."

त्यानं पकडीनं बूच धरलं आणि पिळून ओढलं. ते सुटलं त्या क्षणी नळीतून धुराचा एक दीर्घ, उष्ण झोत बाहेर पडला आणि त्याच्या कानाजवळून निघून गेला. वर, शेटच्या डोळ्यांसमोर, त्या उभ्या हाताची बोटं एकेक करून मिटली. तळवा सैलावला. हात हळूच वाकला आणि एका अंगाला निजला. इंजिन चालूच होतं. आवाज मात्र बदलला होता. छातीवरचा दगड बाजूला झाल्यावर श्वास जसा मोकळा होतो, तसा तो झाला होता.

रेवण बाहेर आला. त्याच्या हातात मधाच्या डब्याचं लाकडी बूच होतं, मेण लावलेल्या फडक्यात गुंडाळलेलं. मेणाला अजून मधाचा वास होता. त्या वासावरून ते कुणाच्या दुकानातलं आहे, हे सांगायची गरज नव्हती. रेवणनं ते गुरुजींच्या हाती दिलं आणि शेटकडे बघायचं टाळलं.

गुरुजींनी इंजिन बंद केलं. या वेळी उसासा आला नाही.

"ऐक रेवण," ते म्हणाले. "जिथं इंधन पेटतं तिथं धूर होणारच. त्यातला थोडा धूर फटीतून आत उतरतो. तो इंजिनाचा रोग नव्हे. चालत्या इंजिनाला ते चुकत नाही. म्हणून त्याला बाहेर जायला ही एक वाट ठेवलेली असते. ती वाट बुजवली म्हणजे धूर नाहीसा होत नाही. तो आतल्या आत दाब देतो, आणि जी शिवण सर्वांत दुबळी असेल ती उसवून तिच्यातून तेल बाहेर ढकलतो. काडी वर उचलतो. अरुंद फटीतून जाताना रडल्यासारखा आवाज करतो. तू प्रत्येक वेळी उसवलेली शिवण शिवलीस. चांगलीच शिवलीस. म्हणून दाब दुसऱ्या शिवणीकडे गेला. आपल्याला वाटतं, जिथून गळतं तिथंच दोष आहे. त्या बिचाऱ्या सीलचा काहीच दोष नव्हता. ते फक्त आधी थकलं."

बोलणं रेवणशी चाललं होतं. पण शेट खाली बसला होता, टायरला पाठ लावून, शेडच्या ओल्या जमिनीवर, धुतल्या धोतराची पर्वा न करता.

"ते बूच मी मारलं," तो म्हणाला.

गुरुजी त्याच्यासमोर स्टूल ओढून बसले. रेवण उठून बाहेर जाऊ लागला, तेव्हा शेटनंच हातानं त्याला थांबवलं.

"त्या दिवशी असंच धुकं होतं. त्याला शेजारच्या सीटवर बसवलं होतं. थंडीनं कापत होता म्हणून घोंगडं लपेटलं, काचा लावून घेतल्या. ह्या नळीचा धूर पायाजवळच्या भोकातून आत यायचा, जुनी गोष्ट, आम्हाला सवय होती. घाट निम्मा उतरलो आणि तो म्हणाला, दादा, काच उघड. कोंडल्यागत होतंय. मी म्हटलं, वारं लागलं तर ताप वाढेल, थोडा दम धर. त्यानं परत म्हटलं, दादा, काच उघड. मी नाही उघडली."

बाहेर कुठंतरी पत्र्यावरून पाणी ठिबकत होतं.

"मग तो गप्प झाला. मला वाटलं, डोळा लागला. मी बोलत राहिलो, गुरुजी. तो जागा राहावा म्हणून बोलत राहिलो. हिरड्याचं बोललो, पोरीच्या शाळेचं बोललो. शहराची वेस आली तेव्हा त्याची मान माझ्या खांद्यावर पडली. तो केव्हा गेला, मला माहीत नाही. मी कुणाशी बोलत होतो, मला माहीत नाही."

त्यानं दोन्ही तळव्यांनी चेहरा झाकला.

"डॉक्टर म्हणाले, ताप मेंदूत गेला होता. काच उघडली असती तरी तो राहिला नसता. पण मला तो धुराचा वास सोसवेना. गाडीत बसलं की तोच वास. दुसऱ्याच आठवड्यात खाली शिरलो आणि नळीचं तोंड बंद करून टाकलं. वास गेला. मला वाटलं, सुटलो. पार्वती रोज बघते माझ्याकडे. तिला एकच विचारायचं आहे, शेवटी ते काय म्हणाले. तिनं पहिल्या दिवशी विचारलं, तेव्हा मी उठून गेलो. पुन्हा तिनं विचारलं नाही."

गुरुजींनी त्याला रडू दिलं. समजूत घातली नाही, पाठीवरून हात फिरवला नाही. बऱ्याच वेळानं ते रेवणला म्हणाले, "या नळीला पुढं एक लांब नळी जोड आणि तोंड पार मागं, गाडीच्या शेवटाला सोड. म्हणजे धूर बसणाऱ्याच्या नाकात जाणार नाही. वास सोसत नसेल तर वाट बदलावी. ती बुजवता येत नाही."

रेवणनं नळी जोडली. मग झाकणाचं पॅकिंग बदललं. सगळं होईतो धुकं थोडं विरळ झालं होतं.

"शेट, गाडी नीट झाली," गुरुजी म्हणाले. "उद्या सोमवार. घाट उतरायला आता काही हरकत नाही."

शेट उभा राहिला. किल्ली घेऊन त्यानं ती हातात फिरवली. उद्या जाणार की नाही, ते तो बोलला नाही. दार उघडून बसला, काच खाली केली आणि धुक्यात निघून गेला. चढावर गाडीचा आवाज ऐकू येत राहिला, नुसता इंजिनाचा.

"गुरुजी," रेवणनं विचारलं, "तुम्हाला आधीच माहीत होतं? बूच त्यांनीच मारलंय ते?"

"नाही रे. वाट बुजली आहे, एवढाच अंदाज होता. कधी माती बसते, कधी गांधीलमाशी घर करते. हातमोजा आतला दाब दाखवायला लावला. माणसाच्या आतला दिसेल, हे माझ्याही मनात नव्हतं."

"मग त्यांनाच यायला का सांगितलंत?"

गुरुजींनी हिरवा चष्मा काढून पुसला. "गाडीची सवय चालवणाऱ्याला विचारावी लागते. बोलता बोलता तो काही सांगेल, असं वाटलं. गाडी दुसऱ्याच्या हाती आली असती, तर आपण बूच काढलं असतं, गळती थांबली असती, आणि त्याच्या घरात दुसरंच काही गळत राहिलं असतं."

त्या रात्री मल्लूशेटच्या घरात काय घडलं, ते गावाला कळलं नाही. सोमवारी जीप घाट उतरताना कुणी पाहिली नाही, एवढं खरं. त्यानंतरच्या आठवड्यात शेजाऱ्यांनी त्या घरातून मोठ्यानं रडण्याचा आवाज ऐकला, आणि एकदा भांडी आपटल्याचा.

दिवाळीनंतर स्वच्छ उन्हं पडली होती, तेव्हा एका सकाळी जीप गॅरेजच्या दारात येऊन थांबली. स्टिअरिंगवर पार्वती होती. शेजारी हिरड्याची पोती आणि त्यांच्यावर तिची मुलगी. पार्वतीला गाडी शिकताना गावानं पाहिलं होतं, खिंडीपर्यंत तिला एकटीला सोडायला मल्लूशेट किती घाबरतो तेही पाहिलं होतं.

"तेल बदलायचं आहे," ती रेवणला म्हणाली.

रेवण सवयीनं खाली वाकला. इंजिनाच्या तळाला बोट लावून पाहिलं. बोट कोरडं निघालं. गुरुजी खुर्चीतून उठून बाहेर आले होते.

"घरी कसं आहे, पोरी?"

पार्वतीनं थोडा विचार केला. तिला खोटं बोलायचं नव्हतं.

"बरं आहे म्हणवत नाही, गुरुजी. भांडणं होतात आता. भाऊजींनी सगळं सांगितलं तेव्हा मी महिनाभर त्यांच्याशी बोलले नाही. काच का उघडली नाही, हेच डोक्यात. मग एक दिवस खूप बोलले, नको नको ते बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. परवा अव्वानं जेवताना ह्यांचं नाव घेऊन शिवी घातली, मला टाकून आधी गेलास म्हणून. आम्ही सगळी रडलो आणि मग अव्वानंच भात वाढून घेतला."

"आणि ही?" गुरुजींनी मुलीकडे बोट केलं.

"ही रात्रभर झोपते. सकाळी हाका मारल्या तरी उठत नाही."

गुरुजी हसले. "मग चांगलं चाललं आहे," ते म्हणाले आणि मुलीला उतरवून घ्यायला पुढं झाले.

रेवण जुनं तेल काढायला गाडीखाली गेला होता. तिथं पडल्या पडल्या त्यानं ते सगळं ऐकलं. त्याला स्वतःच्या घराची आठवण झाली. त्याची बायको हल्ली लहानसहान गोष्टींवरून चिडायची, आणि तो दर वेळी ती लहानशी गोष्ट दुरुस्त करून मोकळा व्हायचा. आज संध्याकाळी घरी जाऊन तिच्याजवळ बसायचं, काही दुरुस्त करायचं नाही, नुसतं विचारायचं, असं त्यानं ठरवलं.

ज्या घरात कुणी एक सारखं चिडतं, रडतं किंवा मुकं होतं, तिथं त्या माणसाला दोष देण्याआधी घरातली कोणती गोष्ट बोलायची बंद झाली आहे, ते पाहावं.